दोन बिऱ्हाडांमधील भिंत

नागपूरकर भोसल्यांचा महालांतील राजवाडा काळ्या पाषाणाचा होता आणि त्यावर लांकडी कोरीव काम विपुल होतें, असें जुन्या गॅझेटियरांत वर्णन आहे. १८६४ सालीं तो राजवाडा आगींत नाहींसा झाला. मागें राहिला तो त्याचा मोठा दरवाजा. विद्यार्थिदशेंत हें प्रथम वाचलें तेव्हां मला शंका आली, कीं दगड जळतो कसा? आमच्या गुरुजींना विचारलें तर ते म्हणाले, "दगड जळत नाहीं. दगडाच्या आधारानें जें उभें केलेलें असतें तें जळतें." त्या वेळीं हें उत्तर मला टाळाटाळीचें वाटलें. पुढें स्वतः मुलांना इतिहास शिकवितांना, आणि त्याहूनही अधिक ओळीनें बांधलेल्या खोल्यांत संसार करतांना, तें किती नेमकें होतें हें पटलें. लागून असलेल्या दोन बिऱ्हाडांमधील भिंत आग आणि आवाज केव्हां अडविते व केव्हां अडवीत नाहीं, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पुण्याच्या शनिवारवाड्याची कथा याच जातीची. १७३० मध्यें त्याचा पाया घातला गेला, १७३२ मध्यें वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगीनें आंतील मजले व दिवाणखाने यांची राख केली. तट, बुरूज, दरवाजे आणि जोतीं तेवढीं उरलीं. आज आपण जें मोठ्या आदरानें पाहावयास जातों, तें त्या वाड्यांतील न जळण्यासारखें जें होतें तेवढेंच.

वाडा बांधण्याची आपली रीत लक्षांत घेतली म्हणजे याचा उलगडा होतो. आधीं दगडी जोतें. त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. खांबाखांबांमधील जागा विटांनीं भरून वर गिलावा करीत. बहुतेक भार लांकडावर आणि भिंत ही मधल्या पडद्यासारखी. बाहेरून ती गुळगुळीत व अखंड दिसे, पण तिच्या पोटांत लांकडाचा सांगाडा एका दालनांतून दुसऱ्या दालनांत सलग गेलेला असे. आग विटेशीं झगडत बसत नाहीं. ती तुळईचें टोंक धरून पलीकडे जाते. १८७९ च्या मे महिन्यांत पुण्यांत बुधवारवाडा व विश्रामबागवाडा या दोहोंस एकाच रात्रीं आगी लागल्या. बुधवारवाडा गेला, विश्रामबागेचा पूर्वेकडील भाग गेला. त्या आगी लावलेल्या होत्या हें खरें; परंतु लावणाऱ्याला काडी एकाच जागीं लावावी लागते, पुढचें काम इमारत स्वतः करते.

राजवाड्यांची ही गत, मग आळींतील घरांचें काय सांगावें! दोन शेजाऱ्यांच्या समाईक भिंतींत दोघांच्याही तुळयांचीं टोंकें दोन बाजूंनीं घुसलेलीं. एकानें आपल्या बाजूनें दिव्यासाठीं कोनाडा कोरावा, दुसऱ्यानें नेमका त्याच्याच पाठीमागें फडताळ बसवावें. हातभर जाड म्हणून ज्या भिंतीचा अभिमान, ती अशा ठिकाणीं चार बोटें उरते. जुन्या घरांची मोडतोड चालू असतांना हें मीं स्वतः पाहिलेलें आहे, आणि दर वेळीं मनांत आलें, कीं इतकीं वर्षें हीं दोन कुटुंबें एकमेकांपासून केवळ एका विटेच्या अंतरावर दिवा लावीत होतीं.

मुंबईस हा धडा फार महाग पडला. १८०३ च्या १७ फेब्रुवारीस कोटाच्या आंत मोठी आग लागली. कोटाची तटबंदी फिरंग्यांच्या किंवा फ्रेंचांच्या भयानें भक्कम ठेविलेली; पण तटाच्या आंत घराला घर लागून, लांकडी सज्जे समोरासमोर आलेले. वस्तीचा मोठा भाग भस्म झाला. आग पुढें सरकूं नये म्हणून शेवटीं मधलीं घरें तोफा लावून पाडावीं लागलीं, असें गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या वृत्तांतांत आहे. शत्रूसाठीं आणलेल्या तोफा आपल्याच शहरांतील घरांवर रोखाव्या लागल्या! विचार केला तर हें कृत्य अगदीं तर्कशुद्ध होतें. दोन घरांमध्यें आग थांबविणारी भिंत नव्हती, म्हणून तिच्या जागीं तोफेनें मोकळी जागा करावी लागली.

मोकळ्या जागेचा आणि दक्षतेचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नगराच्या रक्षणाचें जें प्रकरण आहे, त्यांत उन्हाळ्यांत भर दुपारीं चूल पेटविण्यास निर्बंध आहे, पाण्याचीं भांडीं तयार ठेवण्याची आज्ञा आहे, विस्तवाचा धंदा करणाऱ्यांनीं एकाच ठिकाणीं राहावें असें आहे. पेटलेलें घर पाहून जो धांवून जाणार नाहीं, त्यास दंड : घरमालकास १२ पण, भाडेकऱ्यास ६ पण. भाडेकऱ्यास अर्धा दंड कां, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्याचें घर नव्हे, पण जीव तर त्याचाच! असो. या सर्व व्यवस्थेंत भर माणसाच्या सावधपणावर आहे.

भिंतीवर भर देण्याचें शास्त्र लंडननें वाढविलें, तेंही होरपळून होरपळून. परंपरेनें ११८९ चा म्हणून सांगितला जाणारा तेथील एक नगरनियम आहे. शेजाऱ्यांनीं आपापल्या जमिनींतून दीड दीड फूट द्यावी आणि दोघांच्या सीमेवर ३ फूट जाड व १६ फूट उंच अशी दगडी भिंत उभारावी, हें त्याचें सार. नियम उत्तम, पण सर्वांनीं तो पाळला नाहीं. लांकडी घरें वाढतच गेलीं. १६६६ च्या सप्टेंबरांत चार दिवसांत सुमारें १३,२०० घरें जळालीं, तेव्हां पुढील वर्षीं विटेचीं किंवा दगडाचींच घरें बांधावीं असा कायदा झाला. मला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची पायरी. विटांच्या भिंती आल्या तरी आग छपराखालून शेजारीं जातेच, हें पुढील पिढ्यांच्या ध्यानांत आलें. म्हणून अठराव्या शतकांतील कायद्यांनीं ही समाईक भिंत छप्पर भेदून त्याच्याही वर काढावयास लावली, आणि १७७४ च्या कायद्यानें घराच्या प्रतीप्रमाणें भिंतींच्या जाड्या ठरवून दिल्या. लंडनच्या जुन्या घरांच्या चित्रांत दोन छपरांमध्यें विटांची जी ताठ कड वर आलेली दिसते, ती शोभेची नव्हे. ज्या वाटेनें आग जाई, ती वाट तेथें बुजविलेली आहे.

हें सर्व मी पुस्तकांतून वाचलें. पण अनुभवलें तें आमच्या खापरखेड्यास. सावनेर तालुक्यांतील हें गांव. येथील हल्लींच्या वीजकेंद्राचा पहिला संच १९८९ मध्यें व दुसरा १९९० मध्यें सुरू झाला. त्याआधीं बांधकाम चालू असतां बाहेरून आलेल्या माणसांसाठीं खोल्यांच्या ओळी भराभर उभ्या राहिल्या. अशाच एका ओळींत, आई आणि मी, आमचें बिऱ्हाड होतें. विटेच्या भिंती, वर कवेलूंचें छप्पर. पुण्यामुंबईकडे ज्यांना कौलें म्हणतात तींच. खोल्यांमधील भिंती वळचणीच्या उंचीपर्यंत येऊन थांबलेल्या. वर आढ्यापर्यंतची त्रिकोणी पोकळी या टोंकापासून त्या टोंकापर्यंत मोकळी. रात्रीं तिसऱ्या खोलींतील मूल रडलें, तर पहिल्या खोलींतील बाई कूस बदलीत.

एका वैशाखांत दुपारीं दुसऱ्या खोलींत स्टोव्हचा भडका उडाला. आम्हीं सर्वांनीं आधीं तिसऱ्या खोलींतील सामान बाहेर काढण्यास आरंभ केला, कारण लगतची ती. तिसऱ्या खोलीस फारसें कांहीं झालें नाहीं. ज्वाळा वरच्या पोकळींतून वाशांच्या कडेनें धांवत गेल्या आणि चौथ्या खोलीच्या माळ्यावर सरपणासाठीं रचलेल्या पऱ्हाट्यांवर ठिणग्या पडल्या. त्या घरांतील ज्वारीचें पोतें, मुलीचीं शाळेचीं पुस्तकें आणि हप्त्यानें घेतलेलें शिवणयंत्र जळालें. माणसें वांचलीं. दुसऱ्या दिवशीं मालक आले, भिंतींवरून हात फिरवून म्हणाले, "भिंतीला तर कांहींच झालेलें नाहीं, मग भिंतीवर खर्च कशाला?" त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. भिंत काळी पडली होती, तरी शाबूत होती. तिला आग अडविण्याचा प्रसंगच आला नाहीं.

मग आम्हीं भाडेकऱ्यांनीं विटा आणल्या. शेजारच्या काकांनीं व मीं निम्मा निम्मा खर्च करून आमच्यामधील भिंत आढ्याला नेऊन भिडविली आणि वाशांभोवतींच्या फटी चिखलानें लिंपून टाकल्या. दीड दीड फुटांचा तो जुना नियम तेव्हां आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हता.

त्या रात्रीं जें घडलें त्याची कोणास कल्पना नव्हती. ओळींत एकाएकीं शांतता झाली. काकांचा रेडिओ ऐकूं येईना, त्यांचे घोरणें बंद झालें. आगीची वाट बुजवितांना आवाजाचीही वाट बुजली होती. याचें गणित साधें आहे. दोन्ही बाजूंनीं गिलावा केलेली ९ इंची विटांची भिंत बोलण्याचा आवाज सुमारें ५० डेसिबलनें कमी करते. साडेचार इंची भिंत सुमारें ४५ नें. म्हणजे जाडी दुप्पट केली तरी लाभ पांचांचाच. पण त्याच ५० च्या भिंतींत तिच्या शंभराव्या हिश्शाएवढें भोक ठेवा, कीं तिची किंमत २० वर येते! आमच्या खोल्यांत तर वरचा सबंध त्रिकोण उघडा होता. दोन घरांच्या राहत्या खोल्यांमध्यें ५० डेसिबल असावेत अशी अपेक्षा आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेंतही आहे. मिस्त्री लोक विटांची संख्या मोजतात. फटी कोणी मोजीत नाहीं.

परंतु एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माझ्या आईस दम्याचा विकार होता. पूर्वीं रात्रीं तिला ढास लागली, कीं शेजारच्या काकू न बोलवितां गरम पाणी घेऊन येत. भिंत वर गेल्यानंतर आठवड्याभरांतच एका पहाटे आईचा दम लागला, मी नेमका परगांवीं होतों, आणि कोणास कळलें नाहीं. सकाळीं दार उघडल्यावर काकूंना तिची अवस्था दिसली. त्या फार रडल्या. त्यानंतर आईच्या उशाशीं पितळेचा लोटा ठेविला. गरज पडली कीं त्यानें भिंतीवर ठोकावयाचें. हवेंतून जाणारें बोलणें भिंत अडविते, पण तिच्याच अंगावर मारलेला ठोका ती पलीकडे पोंचविते. शास्त्राच्या या भेदाचा आम्हांस असा उपयोग झाला.

आतां खापरखेड्यास पुढील संचही उभे राहून वीजकेंद्र १,३४० मेगावॅटचें झालें आहे. कोळसा जळून उरणारी बारीक राख ही येथील मोठी अडचण, आणि तीच भिंतींचें साहित्यही झाली. १९९९ च्या सप्टेंबरांतील केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें वीजकेंद्रांजवळच्या वीटभट्ट्यांना राख वापरणें भाग पाडलें. राख, वाळू, चुना व जिप्सम, किंवा चुन्याऐवजीं सिमेंट, यांची वीट दाबून घडवितात. तिला भट्टी नको, पाण्यावर ती पक्की होते. एकदां भट्टींत जळून गेलेली वस्तु पुन्हां जळावयाची कशी? आगीच्या दृष्टीनें ही वीट निर्धास्त. याच राखेपासून हवेच्या बुडबुड्यांनीं भरलेले हलके ठोकळेही करतात. उष्णता त्यांच्यांतून फार सावकाश जाते, म्हणून आगीपुढें ते जड विटेलाही हार जात नाहींत. मात्र आवाज अडविण्यास वजन लागतें, आणि हलकेपणा हाच त्यांचा गुण. तेव्हां "आग अडते, म्हणजे आवाजही अडेल" असें विक्रेत्यानें सांगितलें, तरी तेवढ्यावर विसंबूं नये. दोन बिऱ्हाडांमध्यें मी तरी भरीव वीटच मागेन.

गेल्या वर्षीं आमच्या घरालगत नवें घर उठलें. दोघांमधील भिंत राखेच्या विटेची, ९ इंची, थेट स्लॅबपर्यंत भिडलेली. मीं समाधानानें पाहत होतों. मग वीजकाम करणारा मुलगा आला, आणि आमच्या बाजूस बटनांची पेटी जेथें बसविलेली आहे, बरोबर तिच्या पाठीमागें त्यानें छिन्नी लाविली. "बाळ, इथें नको," म्हणून मीं त्याला थांबविलें. "मास्तर, पेटी छोटीशी तर आहे," तो म्हणाला. मीं त्याला आंत नेऊन आमची पेटी उघडून दाखविली आणि मधें उरणारी वीट बोटांनीं मोजून दाखविली. त्यानें डोकें खाजविलें, आणि आपली खूण हातभर बाजूला सरकविली.