कल्पना कवडीमोल नाही

स्टार्टअपच्या जगात एक मत आज सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते: कल्पना कोणालाही सुचते, मोल अंमलबजावणीचे. हा पक्ष दुबळा नाही. त्याचे पुरस्कर्ते सांगतात, गूगलच्या आधी अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन होते, म्हणजे कल्पना जुनीच होती. कामाच्या निरोपांचे ॲप स्लॅक तर फसलेल्या गेममधून निघाले. मूळ कल्पना टाकूनही संस्थापक जिंकले. शिवाय नुसत्या कल्पनेवर धंदा उभा राहत नाही. हे शेवटचे मला पूर्ण मान्य आहे. पहिल्या दोन दाखल्यांतून मात्र नेमका उलटा निष्कर्ष निघतो.

‘सर्च इंजिन’ ही गूगलची कल्पना नव्हतीच. एखाद्या पानाकडे कोणती आणि किती पाने दुवे देतात, त्यावरून त्याचे महत्त्व ठरवावे, ही लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची कल्पना. १९९५ साली आलेल्या अल्टाव्हिस्टामागे डिजिटल इक्विपमेंटसारखी बलाढ्य संगणक कंपनी होती. यंत्रे होती, निष्णात अभियंते होते. नव्हती ती ही कल्पना.

आता स्लॅक. स्टुअर्ट बटरफील्ड यांच्या कंपनीने २०११ मध्ये ‘ग्लिच’ हा गेम आणला; पुरेसे खेळाडू न मिळाल्याने २०१२ मध्ये तो बंद पडला. कामाच्या निरोपांसाठी त्यांनी आपल्यापुरते जे साधन बनवले होते, त्यातून स्लॅक जन्मले. बहुतेक कर्मचारी गेले होते, पण सूत्रे त्याच हातांत होती. बटरफील्ड यांच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा घडत होते! त्यांच्या आधीच्या गेममधूनही असेच फ्लिकर हे छायाचित्रांचे संकेतस्थळ निघाले आणि २००५ मध्ये याहूने ते विकत घेतले. माणसे तीच, कसब तेच. बदलली ती कल्पना. मग यशाचे श्रेय न बदललेल्या गोष्टीला कोणत्या तर्काने द्यायचे?

उलट बाजूही तपासू. मोटोरोलाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इरिडियमने सहासष्ट उपग्रहांचे जाळे अवकाशात विणले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये उपग्रह-फोनची सेवा सुरू केली. अभियांत्रिकीचा हा पराक्रमच होता. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. विक्रीत चुका झाल्या, हे खरे. पण मूळ दोष कल्पनेतच होता: फोन सुमारे तीन हजार डॉलरचा, इमारतीच्या आत तो चालत नसे, आणि तोवर साध्या मोबाइलचे मनोरे शहरोशहरी उभे राहिले होते.

अंमलबजावणीलाच सर्वस्व मानणाऱ्यांनी एवढेच सांगावे: विक्री अधिक चोख झाली असती, तर भिंतीआड तो फोन लागला असता का? निवाडा वाचकांनी करावा.