दंड कोणाचा, निवाडा कोणाचा?

१९ सप्टेंबर १९६० रोजी लंडनच्या रस्त्यांवर 'ट्रॅफिक वॉर्डन' नावाचा एक नवा नोकरवर्ग प्रथम कामावर आला. हाती फक्त चिठ्यांचे पुस्तक. त्यातील पहिली चिठी वेस्ट एंडमधील एका हॉटेलाबाहेर उभ्या असलेल्या फोर्ड पॉप्युलर गाडीवर लागली. दंड दोन पौंडांचा. गाडीचा मालक डॉक्टर होता आणि हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला तपासावयास तो हॉटेलात गेला होता. वर्तमानपत्रांतून ओरड झाली आणि दंड माफ करण्यात आला.

ही हकीकत इंग्लंडात बहुधा विनोदाने सांगितली जाते. परंतु तिच्या पोटात एक गंभीर प्रश्न आहे. लोकांच्या ओरडीमुळे मिळालेली सूट ही दया झाली, न्याय नव्हे. ज्याच्यासाठी कोणी ओरडत नाही, त्याने दाद कोठे मागावयाची?

त्या काळी या प्रश्नाला निदान कायद्यापुरते उत्तर होते. लंडनमध्ये पहिले पार्किंग मीटर १९५८ साली मेफेअर भागात बसले आणि १९६० च्या कायद्याने ठराविक दंडाची पद्धत सुरू झाली. ज्याला दंड मान्य असेल त्याने तो भरावा. नसेल त्याने मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहावे. वॉर्डन पोलिसांच्या ताब्यात, न्याय मॅजिस्ट्रेटच्या हाती. दंड बसविणारा आणि निवाडा करणारा यांची अशी फारकत होती. पद्धत वेळखाऊ होती आणि दोन पौंडांसाठी कोर्टाची पायरी चढणारे थोडेच होते. तथापि तत्त्व शाबूत होते.

हे तत्त्व इंग्रजांना फुकट मिळालेले नव्हते. योगायोग असा की त्या जुन्या खटल्यातील फिर्यादीही डॉक्टरच होता. टॉमस बॉनहॅम हा केंब्रिजचा वैद्यकीचा पदवीधर लंडनमध्ये परवान्यावाचून व्यवसाय करी. तेथील वैद्य-महाविद्यालयाने १६०६ साली त्याला दंड केला आणि पुढे तुरुंगातही टाकले. त्याने बेकायदा कैदेबद्दल दावा लावला. १६१० साली सर एडवर्ड कोक यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. या निकालातील एक मुद्दा आजही ताजा आहे. महाविद्यालय आरोप ठेवी, तेच शिक्षा सुनावी, आणि वसूल झालेल्या दंडाचा अर्धा वाटाही तेच घेई. ज्याच्या थैलीत दंडाचे पैसे पडतात त्याने न्यायाधीश होऊ नये, असे कोक यांचे म्हणणे होते.

यानंतर जवळजवळ चार शतकांनी त्याच देशाच्या पार्लमेंटने, निराळ्या हेतूने का होईना, तीच परिस्थिती पुन्हा निर्माण केली. १९९१ चा रस्ते-वाहतूक कायदा झाला तेव्हा पोलिसांना गाड्या उभ्या करण्याच्या गुन्ह्यांत लक्ष घालावयास सवड नव्हती आणि लंडनचे रस्ते तुंबले होते. म्हणून हे गुन्हे फौजदारी कायद्यातून काढून दिवाणी स्वरूपाचे करण्यात आले, आणि वसुली स्थानिक परिषदांकडे सोपविण्यात आली. १९९३ पासून लंडनमध्ये आणि त्यानंतर क्रमाक्रमाने इतरत्र ही व्यवस्था लागू झाली. आता चिठी परिषदेची, तक्रार परिषदेकडे, आणि पैसाही परिषदेच्याच तिजोरीत! शिल्लक राहिलेली रक्कम ठराविक कामांवरच, मुख्यतः वाहतुकीच्या, खर्च करावी असे बंधन आहे खरे. पण त्यामुळे मोह नाहीसा होत नाही, फार तर त्याला वळण लागते.

पार्लमेंटला या धोक्याची जाणीव नव्हती असे मात्र नाही. त्याच कायद्याने स्वतंत्र निवाडाधिकारी निर्माण केले. नागरिकाने प्रथम परिषदेकडे हरकत नोंदवावी. ती फेटाळली गेली तर अठ्ठावीस दिवसांच्या आत या अधिकाऱ्याकडे अपील करावे. अपिलाला फी नाही, वकिलाची गरज नाही, आणि निकाल लागेपर्यंत दंड भरावा लागत नाही. हे अधिकारी कायद्याचे जाणकार असलेच पाहिजेत. त्यांची नेमणूक परिषदांची संयुक्त समिती करते, पण लॉर्ड चॅन्सेलरची संमती घेऊन. खर्च मात्र परिषदाच सोसतात. साहजिकच संशयखोरांनी विचारले, ज्याचे मीठ खातो त्याच्याविरुद्ध हा निकाल कसा देईल?

अशा शंकेचे निरसन निकालांनीच होऊ शकते. उत्तर लंडनमधील बार्नेट परिषदेच्या चिठीवर अपराधाची तारीख होती, पण चिठी दिल्याची तारीख नव्हती. निवाडाधिकाऱ्याने अपील मंजूर केले. परिषद उच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली की, दोन्ही तारखा एकच होत्या, मग कोणाचे काय बिघडले? २००६ साली न्यायमूर्ती जॅक्सन यांनी परिषदेचे म्हणणे फेटाळले. कायद्याने चिठीचा जो मजकूर ठरवून दिला आहे तो परिषदेने पाळलाच पाहिजे. नागरिकाला मुदतीचे बंधन आणि परिषदेला सवलत, असे चालणार नाही, असा त्याचा इत्यर्थ. याच परिषदेने पुढे रहिवाशांच्या परवान्याची फी चाळीस पौंडांवरून शंभरावर नेली, तेव्हा २०१३ साली न्यायालयाने ती वाढही बेकायदा ठरविली. वाहतुकीचे नियमन करण्याचा अधिकार म्हणजे कर बसविण्याचा अधिकार नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

न्यायालये प्रत्येक वेळी नागरिकाच्याच बाजूने झुकली असेही नाही. १६८९ च्या हक्कांच्या सनदेत, अपराध शाबीत होण्यापूर्वी ठोठावलेला दंड व्यर्थ आहे अशा अर्थाचे कलम आहे. त्याचा आधार घेऊन काही मोटारवाल्यांनी ही सारी पद्धतच उलथून टाकण्याचा प्रयत्न केला. तो मान्य झाला नाही. २०११ साली अपील न्यायालयाने असेही सांगितले की, रस्त्यावरील खुणांत किरकोळ उणीव असली, पण वाहनचालकाला नियम स्पष्ट कळत असला, तर केवळ त्या उणिवेमुळे दंड रद्द होत नाही. पळवाट आणि न्याय यांतील भेद असा एकेका निकालाने ठरत गेला.

राहता राहिला तो डॉक्टरचा प्रश्न. नियम मोडला हे खरे, पण कारण माणुसकीचे होते, तर काय करावयाचे? १९९१ च्या कायद्याखाली निवाडाधिकाऱ्याच्या हाती दयेचा अधिकार नव्हता. तो परिषदेकडेच राहिला. २००४ चा कायदा २००८ साली या बाबतीत अंमलात आला, तेव्हा थोडी दुरुस्ती झाली. नियमभंग सिद्ध असूनही तशीच सबळ कारणे असतील, तर निवाडाधिकारी प्रकरण परिषदेकडे पुनर्विचारासाठी परत पाठवू शकतो, आणि परिषदेला पस्तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. जी गोष्ट १९६० साली ओरड करून मिळाली, ती आता अर्ज करून मागता येते.

एवढे होऊनही एक शल्य उरतेच. चौदा दिवसांत पैसे भरले तर दंड निम्मा होतो. अर्ध्या दंडाचे आमिष आणि पुऱ्या दंडाची भीती यांच्यामध्ये सापडलेला सामान्य माणूस, आपली बाजू खरी असूनही, बहुधा पैसे भरून मोकळा होतो. दंड झालेल्यांपैकी शंभरांत एकसुद्धा जण न्यायपीठापर्यंत पोहोचत नाही. आणि जे पोहोचतात त्यांच्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत परिषद आपली बाजू मांडावयासही येत नाही. मग जे मुकाट्याने भरतात, त्यांच्यातील किती जणांचा दंड अपिलात टिकला असता?

आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य टेबलाच्या आतल्या बाजूस, लोकांचे अर्ज वाचण्यात गेले आहे. अर्ज फेटाळताना आपण नियमाचे कलम लिहितो, सही करतो, आणि फाइल पुढे सरकते. त्या क्षणी आपण वादीही असतो आणि न्यायाधीशही. कोक यांनी चारशे वर्षांपूर्वी बोट ठेवले ते नेमके याच जागी. प्रत्येक कचेरीला स्वतंत्र निवाडाधिकारी मिळणे शक्य नाही. पण नकाराच्या प्रत्येक पत्राखाली पुढे दाद कोठे मागावयाची, ही एक ओळ लिहिणे कोणत्याही अधिकाऱ्याला शक्य आहे. इंग्लंडात ती ओळ कायद्याने सक्तीची करावी लागली. आपण ती आपण होऊन लिहावयास काय हरकत आहे?