जुना भाडेकरू

२००४ सालची गोष्ट. घरच्या संगणकात विंडोज ९८ असलेली जुनी हार्ड डिस्क होती. तिच्या जोडीला नवी ८० जीबीची डिस्क आणली आणि नवीवर एक्सपी टाकली. काही महिने सगळं सुरळीत. मग म्हटलं, ९८ आता कोण वापरतंय? कॅबिनेट उघडलं, जुन्या डिस्कची केबल काढली, बटण दाबलं आणि... काळ्या पडद्यावर एकच ओळ, ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही म्हणून. अरे पण एक्सपी तर नव्या डिस्कवर होती, तिला हातसुद्धा लावला नव्हता! केबल परत लावली, संगणक निमूट सुरू झाला.

भाडेकरू घर सोडून गेला, पण विजेचा मीटर त्याच्याच नावावर राहिला, तसा हा प्रकार. आणि हा मीटर कुठे बसवायचा ते ठरलं १९८३ मध्ये.

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ चा. तो आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच, फ्लॉपी घाला आणि चालू करा. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क आणि सोबत डॉस २.०. एवढी 'प्रचंड' जागा एकट्या डॉसला कशाला, शेजारी दुसरी सिस्टीमही राहू शकेल, असा विचार करून डिस्कचे जास्तीत जास्त चार भाग पाडायची सोय केली. त्या भागांचा नकाशा डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ठेवला. सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ६४ बाइट नकाशाला, शेवटचे २ बाइट 'हा सेक्टर बूट होण्यासारखा आहे' या खुणेला आणि उरलेले ४४६ बाइट एका चिमुकल्या प्रोग्रॅमला. यालाच मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात.

बायोस तसा बिनडोक गडी. त्याला फाइल, फोल्डर काही कळत नाही. तो पहिल्या डिस्कचा पहिला सेक्टर उचलतो, मेमरीत ठेवतो, शेवटची खूण बघतो आणि म्हणतो, चल, आता तू बघ. मग तो ४४६ बाइटांचा प्रोग्रॅम नकाशात 'ॲक्टिव्ह' अशी खूण असलेला भाग शोधतो आणि त्या भागाच्या पहिल्या सेक्टरकडे सूत्रं देतो. दुसरी डिस्क या सगळ्यात कुठेच नाही. म्हणजे घरात सिस्टीम कितीही असोत, दरवाजा एकच, आणि तो पहिल्या डिस्कवर.

१९९३ मध्ये विंडोज एनटी आली तेव्हा तिनेही हा दरवाजा तसाच ठेवला. तिची सुरुवातीची फाइल एनटीएलडीआर आणि यादीची फाइल बूट डॉट आयएनआय या दोन्ही पहिल्या डिस्कच्या ॲक्टिव्ह भागावर. बाकी विंडोज कुठेही असू दे, दुसऱ्या डिस्कवरसुद्धा. एक्सपी त्याच घराण्यातली. माझ्या संगणकात पहिली डिस्क होती ती ९८ ची, त्यामुळे एक्सपीने स्वतःचा बाडबिस्तरा नव्या डिस्कवर टाकला आणि किल्ली मात्र जुनीवर ठेवली. "एनटीएलडीआर इज मिसिंग" हा संदेश बघून त्या काळात किती जणांनी सगळी विंडोज नव्याने टाकली असेल, कोण जाणे. खरं तर हरवलेली असायची एवढीशी किल्ली.

यात मायक्रोसॉफ्टने नावांची एक गंमत करून ठेवली आहे. ज्या भागावर बूट करायच्या फाइली असतात त्याला ते म्हणतात 'सिस्टीम' पार्टिशन, आणि ज्यावर सिस्टीम असते त्याला म्हणतात 'बूट' पार्टिशन. चुकून नाही लिहिलं, खरंच असं उलटं आहे :-) पण कामाची गोष्ट अशी की हे शब्द डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या त्या भागावर लिहिलेले दिसतात. जुन्या डिस्कवर 'सिस्टीम' लिहिलेलं दिसलं तर हात आवरा, मीटर अजून तिथेच आहे.

लिनक्सवाल्यांची तऱ्हा वेगळी. लिलो नावाचा लोडर त्या ४४६ बाइटांतच जाऊन बसायचा, पण एवढ्याशा जागेत मावणार किती? म्हणून उरलेला भाग लिनक्सच्या पार्टिशनवर, आणि पहिल्या सेक्टरमध्ये फक्त त्याचा पत्ता. सुरू होताना तो स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर छापायचा, एक टप्पा पार पडला की एक अक्षर. लिनक्सची जागा पुसून तिथे दुसरं काही लिहिलं, की पडद्यावर 'एल', फार तर 'एल आय' येऊन गाडी बंद. त्यावर उतारा होता डॉस ५ (१९९१) पासूनचा, माहितीपुस्तकात न छापलेला एफडिस्कचा एमबीआर हा पर्याय. तो फक्त प्रोग्रॅम नव्याने लिहायचा, नकाशाला हात लावायचा नाही. तोंडी परंपरेने कॉलेजच्या होस्टेलांमध्ये पसरलेलं हे ज्ञान!

१९८३ ची ही व्यवस्था मोडली ती आकड्यांमुळे. नकाशात सेक्टर मोजायला ३२ बिटांची जागा, म्हणजे ५१२ बाइटांच्या हिशेबाने २ टीबीच्या पुढे मोजताच येत नाही. इंटेलने इटेनियमसाठी नव्वदच्या दशकात सुरू केलेलं ईएफआय पुढे यूईएफआय झालं, आणि त्याच्यासोबत आला जीपीटी हा नवा नकाशा. यूईएफआयला फाइली वाचता येतात. त्यामुळे प्रत्येक सिस्टीम आपली किल्ली एका छोट्या सामाईक पार्टिशनवर ठेवते, आणि मदरबोर्डच्या मेमरीत नावांची यादी असते. पण पूर्वीची खोड गेलेली नाही. दोन डिस्क जोडलेल्या असताना नवी विंडोज टाकली, की पुष्कळदा किल्ली आधीच्या डिस्कवरच्या त्या सामाईक पार्टिशनवर जाते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. त्यानंतर जुनी डिस्क 'दुसरी' म्हणून आत ठेवून नवीवर नवी विंडोज घेतलेले माझ्या ओळखीतच तीन-चार जण आहेत. त्यांना मी एकच सांगतो. पुसण्याआधी संगणक बंद करा, जुनी डिस्क काढा आणि सुरू होतोय का बघा. नुसत्या काढलेल्या डिस्कची केबल परत लावता येते, पुसलेल्या डिस्कची नाही.

एवढं कळल्यावर मला वाटलं होतं की आपण शहाणे झालो. गेल्या महिन्यात बाबांच्या संगणकातली जुनी ४० जीबीची डिस्क यूएसबीच्या ॲडॅप्टरला लावली. तिच्यावर एक्सपी. तिच्यावाचून संगणक सुरू होत होता, म्हणजे मीटरचा प्रश्न नव्हता. बाबांच्या फाइली कॉपी केल्या आणि पार्टिशन उडवायच्या आधी सहज एक उघडली. आजीच्या तोंडून ऐकून बाबांनी टाइप केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या त्या. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला.

कारण साधं होतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण एक्सपीत ती वेगळी चालू करावी लागायची, सीडी घालून. बहुतेकांनी ते केलंच नाही. त्याऐवजी वापरले असे फॉन्ट, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे आकार बसवलेले असायचे. फाइलमध्ये मराठी नसतेच, नुसते आकडे असतात. मराठी असते त्या फॉन्टमध्ये. आणि तो फॉन्ट बाबांच्या फोल्डरमध्ये नव्हता, तो होता जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. जे मी कचरा समजून उडवणार होतो, त्यात.

फॉन्ट कॉपी केला, नव्या संगणकावर बसवला. फाइल पुन्हा उघडली आणि ओव्या जागच्या जागी. आजी जाऊन बारा वर्षं झाली. आता रोज रात्री दोन-दोन पानं युनिकोडमध्ये उतरवतोय, काही शब्द बाबांना विचारावे लागतात, मग त्यांना आणखी चार ओव्या आठवतात.

पार्टिशन अजून उडवलेलं नाही. राहू दे भाडेकरूला थोडे दिवस. ४० जीबीला आता भाडं तरी किती पडणार!