एका वेळी किती कामे? : बिल्ड-साधनांतील गृहीत आकड्यांचा इतिहास

संगणकाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः नव्या भाषांकडे आणि मोठ्या यंत्रांकडे जाते. वापरणाऱ्याने काहीच सांगितले नाही तर साधन आपण होऊन कोणता आकडा धरून चालते, हा प्रश्न त्यामानाने क्षुल्लक वाटतो. वस्तुतः असा प्रत्येक आकडा, ज्यास व्यवहारात डिफॉल्ट म्हणतात, तो एका विशिष्ट काळच्या यंत्राविषयी घेतलेला निर्णय असतो. यंत्र पालटते, निर्णय मात्र पुष्कळदा तसाच राहतो. लिहिलेल्या मूळ फाइलींपासून चालण्याजोगा प्रोग्राम तयार करणाऱ्या बिल्ड-साधनांत याचे उद्‌बोधक उदाहरण आढळते.

यांतील आद्य साधन 'मेक' हे स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रचले. निमित्त साधे होते. त्यांचे सहकारी स्टीफन जॉन्सन यांची एक सकाळ प्रोग्राममधील दोष शोधण्यात वाया गेली. दोष दुरुस्त झालेला होता, परंतु दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइल करावयाची राहून गेली होती. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवले, म्हणजे पुन्हा काय तयार करावयाचे ते यंत्र फाइलींच्या वेळा पाहून ठरवील, ही 'मेक'ची मूळ कल्पना होय. तेव्हाच्या यंत्रास प्रोसेसर बहुधा एकच असे, आणि तोही अनेकांत वाटलेला. एका वेळी एकच काम करावे, यावर वाद होण्याचे कारण नव्हते.

१९८० नंतरच्या दशकात ही स्थिती पालटू लागली. बर्कली येथे ॲडम डी बूर यांच्या 'पीमेक'ने बिल्डची कामे रिकाम्या यंत्रांवर वाटून देण्याची सोय केली. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, पुण्यास सी-डॅकची स्थापना झाली. तिचे संस्थापक संचालक विजय भटकर हे नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. अनेक ट्रान्सप्युटर जोडून तेथे सिद्ध झालेला 'परम ८०००' हा संगणक १९९१ मध्ये पुढे आला. दोन्हीकडील प्रयत्नांचे क्षेत्र भिन्न असले तरी अडचण एकच होती : प्रोसेसर वाढविले म्हणून वेग त्याच प्रमाणात वाढत नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच दाखविले होते की कामाचा जो भाग विभागता येत नाही तोच अखेर मर्यादा घालतो. शंभर मिनिटांच्या बिल्डमध्ये वीस मिनिटांचे काम अविभाज्य असेल, तर हजार प्रोसेसर लावूनही ते विसांखाली जाणार नाही.

'ग्नू मेक'ने एकाच वेळी अनेक कामे करण्यासाठी 'जे' हा पर्याय दिला. परंतु तो न दिल्यास आजही एकच काम चालते. २००५ नंतर घरगुती यंत्रांतही एकाहून अधिक कोअर आले, तरी हा आकडा ढळला नाही. याचे कारण केवळ जुन्याचा अभिमान नव्हे. असंख्य मेकफाइलींत काही अवलंबित्वे लिहावयाची राहून गेलेली असतात. कामे क्रमाने चालली की ती उणीव झाकली जाते. एकत्र चालली की अमुक फाइल अद्याप तयारच नाही, अशी अवस्था येते. पीटर मिलर यांनी १९९८ मध्ये, एका मेकमधून दुसरे मेक चालविण्याच्या प्रघातावर टीका करताना, अपुऱ्या अवलंबित्वांचा हा दोष विस्ताराने मांडला. सारांश, 'एक' हा आकडा वेगाचा नसून लेखकाच्या विसराळूपणास दिलेल्या सवलतीचा आहे. उलट 'जे' पुढे आकडा न लिहिल्यास हेच साधन कामांवर कोणतीही मर्यादा घालीत नाही. एक आणि अमर्याद, या दोन टोकांमधील विवेक वापरणाऱ्यावर सोपविलेला आहे.

२०११ मध्ये इव्हान मार्टिन यांनी क्रोम ब्राउझरच्या कामासाठी पुढे आणलेल्या 'निन्जा'ने भिन्न निर्णय घेतला. दोनांहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रावर तो प्रोसेसरांच्या संख्येत दोन मिळवून तितकी कामे आरंभितो. त्याच्या फाइली बहुशः दुसरा प्रोग्राम लिहितो. म्हणून अवलंबित्वे पूर्ण असल्याचे गृहीत धरणे त्यास परवडते. परंतु यंत्र एकट्याचेच आहे, हे दुसरे गृहीतही त्यात दडलेले आहे. विभागाच्या बत्तीस प्रोसेसरांच्या सामाईक यंत्रावर दहा विद्यार्थ्यांनी एकाच वेळी बिल्ड सुरू केले, तर तीनशे चाळीस कामे परस्परांशी झगडू लागतील, आणि प्रोसेसरापूर्वी स्मृतीच अपुरी पडेल. यंत्रावरील भार पाहून नवे काम रोखण्याचा 'एल' हा पर्याय दोन्ही साधनांत आहे; तो मुद्दाम मागावा मात्र लागतो.

येथेच चलांच्या, म्हणजे व्हेरिएबलांच्या, तपासणीचे महत्त्व कळते. 'मेक'मधील चलाचे मूल्य साधनात मुळातच असते, परिसरातून येते, मेकफाइलीत लिहिलेले असते किंवा आज्ञेबरोबर दिलेले असते. सामान्यतः यांतील नंतरचे आधीच्यावर मात करते. 'पी' हा पर्याय दिल्यास 'ग्नू मेक' सर्व चलांची यादी त्यांच्या उगमासह छापतो, आणि 'ओरिजिन' हे फंक्शन एखाद्या चलाचा उगम सांगते. 'सीमेक'मध्ये एकदा नोंदलेले मूल्य कॅश फाइलीत टिकून राहते. लेखकाने मूळ फाइलीतील डिफॉल्ट पालटले तरी जुनेच मूल्य लागू राहू शकते. इतिहासाच्या अभ्यासकास ही साधनचिकित्सेचीच रीत वाटेल : काय लिहिले आहे इतके पाहून भागत नाही, कोणी व केव्हा लिहिले तेही पाहावे लागते. ज्या संशोधनाचे निष्कर्ष गणनेवर उभे आहेत, त्यात ही चिकित्सा टाळल्यास तोच प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर वेगळ्या रीतीने तयार होतो, आणि फरकाचे कारण हाती लागत नाही.

सर्व काळी योग्य ठरेल असा आकडा या इतिहासात सापडत नाही. 'एक' हा वाटून घेतलेल्या प्रोसेसराचा आकडा होता, 'अधिक दोन' हा एकट्याच्या यंत्राचा आहे. त्यांपैकी कोणताही कालबाह्य होऊ शकतो. म्हणून साधनाची योग्यता त्याने निवडलेल्या आकड्यावरून जितकी ठरते, त्याहून अधिक ती तो आकडा व त्याचा उगम वापरणाऱ्यास पाहू देण्यावरून ठरते.