शुक्रवारी रात्री दहापर्यंत म्युझियम उघडं का?

इअरफोन नीट लावलेत ना? चला मग.

आजचा भाग लंडनचा आहे. पण बिग बेन नाही, राजवाडा नाही. आज बोलायचंय एका वेळापत्रकाबद्दल. साऊथ केन्सिंग्टनमधलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, ज्याला इथे सगळे व्ही अँड ए म्हणतात, ते दर शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. तिकीट शून्य. माझ्यासारखा माणूस, ज्याचा अर्धा पगार घरभाड्यात जातो आणि दिवस मीटिंगांमध्ये, तो लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून सरळ आत जाऊ शकतो. परदेशातल्या मोठ्या शहरात एकटं राहताना याचं मोल काय असतं, ते जे राहिलेत त्यांना सांगायला नको. गंमत म्हणजे ही सोय कोणी सहज दिलेली नाही. तिच्यासाठी शे-दोनशे वर्षं भांडणं झालीत.

सुरुवात करू ब्रिटिश म्युझियमपासून. ते १७५९ साली लोकांसाठी उघडलं आणि पहिल्या दिवसापासून फुकट. ऐकायला भारी वाटतं. पण आत जायचं कसं? आधी अर्ज करा, नाव-गाव लिहून द्या, मंजुरी मिळाली की तिकिटाची वाट बघा, आणि मग ठरलेल्या दिवशी घोळक्यातून आत. आपल्याकडे लग्नाच्या हॉलचं बुकिंग सोपं असेल! १७८४ मध्ये बर्मिंगहॅमचा विल्यम हटन नावाचा पुस्तकविक्रेता मोठ्या हौसेने लंडनला आला. तिकीट फुकट असूनही त्याला ते दुसऱ्याकडून जवळपास दोन शिलिंग मोजून घ्यावं लागलं. म्हणजे ब्लॅकचं तिकीट तेव्हाही होतं. आत गेल्यावर वाटाड्याने सगळ्यांना अक्षरशः पळवलं. हटनने काहीतरी विचारलं तर तो वाटाड्या त्याच्यावरच खेकसला. अर्ध्या तासात सगळे बाहेर. हटनने पुढे हे लिहून ठेवलं, आणि वाचताना त्याचा चरफडाट अजून जाणवतो.

फुकट असणं आणि आत जाता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसत होतं. मुळात साहेबलोकांना भीती होती गर्दीची. कामगार आले तर काचा फोडतील, मूर्ती ओरबाडतील, दारू पिऊन येतील. १८३७ च्या ईस्टरच्या सोमवारी ब्रिटिश म्युझियमने सुट्टीच्या दिवशी दारं उघडून पाहिली. एका दिवसात वीस हजारांहून जास्त माणसं आली. काहीही फुटलं नाही.

तरी भीती गेली नाही. १८५१ साली हाइड पार्कमध्ये काचेचा प्रचंड महाल उभारून जगभरातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं, तेच ते ग्रेट एक्झिबिशन. सुरुवातीला तिकीट एवढं महाग की फक्त गाडीघोडेवालेच येऊ शकतील. मग २६ मेपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंग. त्या दिवशी दंगा होईल म्हणून पोलीस तयार. झालं काय? लोक डबे बांधून, पोरंबाळं घेऊन आले, बघितलं, जेवले, घरी गेले. मेरी कॅलिनॅक नावाची ऐंशी ओलांडलेली म्हातारी तर पार कॉर्नवॉलहून चालत आली. नकाशात बघा किती लांब आहे ते! साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर लोक येऊन गेले.

तिथे आपल्याकडचंही बरंच होतं. कोहिनूर पिंजऱ्यात ठेवला होता आणि तो नीट चमकतच नाही म्हणून लोक नाराज झाले. बंगालहून हत्तीची शाही अंबारी आली होती, पण हत्ती कुठून आणायचा? शेवटी एसेक्समधल्या एका छोट्या म्युझियममधून पेंढा भरलेला हत्ती उसना आणला. तो निघाला आफ्रिकन. अंबारी मुर्शिदाबादची, हत्ती आफ्रिकेचा, आणि बोर्डावर भारत. डेमोच्या आदल्या रात्री असले जुगाड आम्हीही करतो, त्यामुळे मी जास्त बोलत नाही.

प्रदर्शनाला नफा झाला १ लाख ८६ हजार पौंड. त्यातून साऊथ केन्सिंग्टनची जमीन घेतली, आणि तिथे १८५७ साली एक म्युझियम उघडलं. हेच आजचं व्ही अँड ए. ते चालवणारा माणूस हेन्री कोल. कोलला एक साधी गोष्ट कळली जी बाकीच्यांना कळली नव्हती. कामगार दिवसभर कामावर असतो. दहा ते चार उघडी असलेली फुकट जागा त्याच्यासाठी बंदच असते. म्हणून त्याने गॅलरीत गॅसचे दिवे लावले आणि सोमवार, मंगळवारी रात्री दहापर्यंत दारं उघडी ठेवली. तेव्हा हे धाडसच होतं. ब्रिटिश म्युझियम आगीच्या भीतीने गॅसला हात लावत नव्हतं. गॅसने चित्रं खराब होतात का, हे तपासायला कमिटी बसली आणि तिच्यात खुद्द मायकेल फॅरेडे होता. हो, तोच, बारावीच्या फिजिक्सवाला. १८५९ मध्ये कमिटीने सांगितलं की नीट हवा खेळती ठेवली तर चित्रांना धोका नाही. ब्रिटिश म्युझियमच्या गॅलऱ्या संध्याकाळी उघडायला मात्र १८९० उजाडलं, तेही विजेचे दिवे आल्यावर.

आता कोलला देव करायची गरज नाही. कामगाराने दारूच्या गुत्त्यावर जाण्याऐवजी बायकापोरांना घेऊन इकडे यावं, त्याची आवड सुधारावी आणि मग ब्रिटिश कारखान्यांचा माल जास्त खपावा, असा सरळ हिशोब होता. (माझी टीम शुक्रवारी पबमध्ये असते आणि मी म्युझियममध्ये. कोलसाहेबांना मी फार आवडलो असतो.) पण हेतू काहीही असो, दार उघडलं.

रविवारचं भांडण तर याहून लांबलं. सुट्टी रविवारी आणि धर्माच्या नावाखाली म्युझियमही रविवारी बंद. १८५५ पासून एक संघटना यासाठी झगडत होती. लंडनची सरकारी म्युझियमं रविवारी दुपारी उघडली ती १८९६ साली. चाळीस वर्षं, एका दुपारसाठी!

याच प्रदर्शनांच्या लाटेतून मुंबईतही एक म्युझियम उभं राहिलं. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यासाठी खूप खटपट केली आणि १८७२ साली भायखळ्याला इमारत खुली झाली. तिचंही नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला गेलेले बरेच जण त्याच्या शेजारून निघून जातात. १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचं नाव आहे.

परत लंडन. तुम्हाला वाटेल, झालं एकदाचं. नाही. १९७४ मध्ये सरकारने सगळ्या राष्ट्रीय म्युझियमांना तिकीट लावलं आणि तीनेक महिन्यांतच ते काढावं लागलं. मग ऐंशीच्या दशकात पैशाची चणचण आली. नॅचरल हिस्टरी म्युझियमने १९८७ ला तिकीट लावलं, सायन्स म्युझियमने १९८८ ला, व्ही अँड एने १९९६ ला. पुन्हा फुकट करायचं ठरलं तेव्हा अडलं कशावर? व्हॅटवर. तिकीट नाही म्हणजे धंदा नाही, धंदा नाही म्हणजे व्हॅटचा परतावा नाही. फुकट केलं की म्युझियमचं उलट नुकसान. टॅक्सच्या नियमातला तो एक बग २००१ मध्ये दुरुस्त केला आणि १ डिसेंबरपासून दारं पुन्हा फुकट. पुढच्या दहा वर्षांत या म्युझियमांमधली गर्दी दुपटीहून जास्त झाली.

एक गोष्ट मला आत फिरताना टोचते, ती सांगतोच. दार फुकट आहे, पण आतलं सगळं फुकट आलेलं नाही. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतला. शिवाजी महाराजांची म्हणून सांगितली जाणारी वाघनखं इथेच होती. ती खरंच महाराजांची का, हे म्युझियम स्वतः खात्रीने सांगत नाही. २०२४ च्या जुलैत ती साताऱ्याला आली, पण तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. लंडनमध्ये राहणारा मराठी पोरगा ती कधीही फुकट बघू शकत होता आणि साताऱ्याच्या पोराला त्यासाठी आधी व्हिसा लागला असता. त्या वाघासमोर मी प्रत्येक वेळी थांबतो, आणि प्रत्येक वेळी मजाही वाटते, रागही येतो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत, व्ही अँड ए दहापर्यंत. निघण्याआधी वेबसाइट बघा, वेळा बदलतात. आणि व्ही अँड एमध्ये गेलात तर कॅफेत डोकवा. म्युझियममध्ये रेस्टॉरंट ही कल्पनाही कोलच्याच काळातली. तेव्हा तिथे फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लासचे मेनू वेगळे असायचे. आता मेनू एकच आहे, आणि चहा मात्र फुकट नाही.

भेटू पुढच्या भागात!