चौकटीची पाठपिशवी

चौकटीची पाठपिशवी म्हणजे जड ओझे पाठीवरून दूरवर वाहून नेण्यासाठी धातूच्या किंवा प्लास्टिकच्या आधारावर बसवलेली पिशवी. मराठी गिर्यारोहकांत ती 'सॅक' या नावाने ओळखली जाते. ओझ्याचा बराचसा भार खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर उतरवणे हे चौकटीचे मुख्य कार्य होय. त्यासाठी ती वापरणाऱ्याच्या धडाच्या लांबीशी जुळावी लागते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात ओझे वाहण्यासाठी पूर्वापार कावड वापरली जाते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण येथे संत एकनाथांच्या घरी श्रीखंड्या कावडीने पाणी भरत असे, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. कावडीचा भार खांद्यावर पडत असल्याने ती वरचेवर या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावी लागते. अमेरिकेत डिक केल्टी यांनी १९५२ मध्ये ॲल्युमिनियमची बाह्य चौकट आणि कंबरपट्टा असलेल्या पाठपिशव्या विकण्यास सुरुवात केली. ग्रेग लोव यांनी १९६७ मध्ये अंतर्गत चौकटीची पाठपिशवी तयार केली.

मापन

चौकटीचे माप उंचीवरून ठरत नाही. समान उंचीच्या दोन व्यक्तींच्या धडाची लांबी वेगळी असू शकते. मान पुढे झुकवल्यावर तिच्या तळाशी ठळकपणे हाताला लागणारा मणका (मानेचा सातवा मणका) हा मापाचा वरचा बिंदू होय. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी आडवी रेषा पाठीच्या कण्याला जेथे छेदते, तो खालचा बिंदू होय. या दोहोंमधील अंतर पाठीच्या वळणाला धरून लवचीक फितीने मोजतात.

जुळवणी

जुळवणी रिकाम्या पिशवीवर न करता, ८ ते १० किलोग्रॅम वजन भरून करतात. प्रथम सर्व पट्टे सैल करतात. कंबरपट्ट्याचा मध्य कमरेच्या हाडाच्या कडेवर येईल अशा रीतीने तो आवळतात. त्यानंतर खांदेपट्टे, मग खांद्यावरील भार-ओढ पट्टे आणि शेवटी छातीपट्टा ओढतात. भार-ओढ पट्टे खांद्यापासून मागे सुमारे ४५ अंशांच्या कोनात वर गेलेले असावेत. खांदेपट्टे किंचित सैल केल्यावरही ओझे कमरेवर टिकून राहिल्यास जुळवणी योग्य समजतात. जड वस्तू पाठीलगत मध्यभागी ठेवतात.

चुकीच्या जुळवणीचे परिणाम

चौकट लांब असल्यास कंबरपट्टा नितंबांवर घसरतो. आखूड असल्यास तो पोटावर चढतो. दोन्ही स्थितींत भार खांद्यांवर येतो. दीर्घकाळ असा दाब राहिल्यास खांद्यालगतच्या मज्जातंतूंना इजा होऊन हाताला मुंग्या येणे, बधिरता किंवा स्नायूंचा अशक्तपणा उद्भवू शकतो. अशी लक्षणे दिसताच ओझे उतरवणे आवश्यक असते. ती न ओसरल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

स्थानिक वापर

कन्नड तालुक्यातील अंतूर किल्ला आणि गौताळा अभयारण्याच्या परिसरातील भटकंतीत उन्हाळ्यात पाणी हाच ओझ्याचा मोठा भाग असतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते; पाणी संपत जाईल तसे ओझे हलके होते आणि पट्टे पुन्हा जुळवावे लागतात. देवगिरी किल्ल्यातील अंधारीसारख्या अरुंद, अंधाऱ्या मार्गांत डोक्यावर येणारी उंच बाह्य चौकट अडचणीची ठरते. तेथे अंगालगत बसणारी अंतर्गत चौकट सोयीची असते.