ऑरेंज : शब्दाचा इतिहास

संत्रे, नारिंग इ. लिंबूवर्गीय फळांना व त्यांच्या रंगाला इंग्रजीत ‘ऑरेंज’ ही संज्ञा आहे. संस्कृतातील ‘नारंग’ हे तिचे पूर्वरूप असून ते मूळचे द्राविडी असावे, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातून हा शब्द फार्सीत ‘नारंग’ व अरबीत ‘नारंज’ या रूपांनी गेला. अरबांनी कडू नारिंगाची लागवड सिसिली व स्पेनमध्ये रुजविली. फळाबरोबर नावही यूरोपात पोहोचले.

स्पॅनिश ‘नारांखा’ या रूपात आद्य ‘न’ टिकून राहिला. पोर्तुगीजमध्ये त्याचा ‘ल’ झाला. इटालियन व फ्रेंच भाषांत मात्र तो आधीच्या उपपदातील ‘न’मध्ये विलीन होऊन लोपला. फ्रेंचमधील आद्य ‘ओ’ स्वर सुवर्णवाचक ‘ऑर’ या शब्दाच्या प्रभावाने आला असावा. फ्रान्समधील ऑरेंज नगराचे नाव ‘आराउसिओ’ या प्राचीन नावापासून झालेले असून, मुळात त्याचा फळाशी संबंध नाही.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकात फ्रेंचमधून आला, तो ‘न’ गमावूनच. म्हणून ‘ए नॉरेंज’चे ‘ॲन ऑरेंज’ झाले, ही प्रचलित समजूत ग्राह्य ठरत नाही. ‘नॅप्रन’पासून झालेल्या ‘ॲप्रन’ला मात्र ती उपपत्ती लागू पडते. रंगाचा अर्थ ‘ऑरेंज’ला सोळाव्या शतकात प्राप्त झाला. मराठीतील ‘नारिंग’ व ‘नारिंगी’ हे शब्द याच कुळातील होत.